मिररलेस घ्यावा की डीएसएलआर? पहिला कॅमेरा घेणाऱ्यांसाठी

दसरा-दिवाळी जवळ आली, की ओळखीपाळखीतलं कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. बहुतेकांना लांबलचक चर्चा नको असते, थेट उत्तर हवं असतं. म्हणून ते आधीच देऊन टाकतो.

दुकानातून नवा कोरा कॅमेरा घेणार असाल तर मिररलेस घ्या. पैसे बेताचे आहेत, व्हिडिओपेक्षा फोटोंतच रस आहे आणि वापरलेली वस्तू नीट पारखून घ्यायची तयारी आहे, तर सेकंड हँड डीएसएलआर घ्या. नवा डीएसएलआर मात्र आता घेऊ नका. दुकानदार 'सर, ऑफर आहे, बॅग आणि ट्रायपॉड फ्री' म्हणाला तरी नको.

असं का, आणि तुमच्या बाबतीत हे उत्तर बदलू शकतं का, हे पुढच्या पायऱ्यांवरून ठरवा.

पायरी पहिली: आत काय वेगळं आहे ते एकदा समजून घ्या

डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे ४५ अंशांत कललेला एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावर आपटून वर जातो, तिथल्या प्रिझममधून फिरून तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतो. (स्वस्त मॉडेलमध्ये काचेच्या प्रिझमऐवजी आरशांचीच जुळणी असते, त्यामुळे त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीत, थोडं अंधारलेलं आणि लहान दिसतं.) थोडा प्रकाश खाली, फोकस मोजणाऱ्या वेगळ्या सेन्सरकडे जातो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर (प्रकाश अडवणारा पडदा) उघडून मिटतं, आरसा पुन्हा खाली येतो. तो ओळखीचा 'खटॅक' आवाज येतो तो यामुळेच.

मिररलेसमध्ये हा आरसा नाही. प्रकाश सतत मुख्य सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या भागावर, पडत असतो आणि सेन्सरला जे दिसतं ते तुम्हाला मागच्या स्क्रीनवर किंवा डोळ्याला लावायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. फोकससुद्धा त्याच सेन्सरवरून मोजला जातो.

बाकीचे सगळे फायदे-तोटे, म्हणजे बॅटरी, वजन, फोकस, आवाज, लेन्स, या एका फरकातून निघतात. फोटोचा दर्जा मात्र यातून निघत नाही. निकॉनचा २०१७चा डी ७५०० हा डीएसएलआर आणि २०१९चा झेड ५० हा मिररलेस, दोन्ही २०.९ मेगापिक्सेलचे. त्यांचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाने काढला हे मुरलेल्या माणसालाही सांगता येणार नाही. 'मिररलेसचे फोटो जास्त शार्प येतात' असं कुणी सांगितलं, तर ते बहुधा नव्या लेन्सचं किंवा नेमक्या बसलेल्या फोकसचं श्रेय असतं.

आता नवा डीएसएलआर का नको, तेही इथेच सांगतो. पहिला मिररलेस, पॅनासॉनिकचा जी १, २००८ साली आला तेव्हा व्यावसायिकांनी तो मनावर घेतला नाही. २०१३मध्ये सोनीने फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचा ए ७ आणला आणि मग लोक वळून बघायला लागले. २०१८मध्ये कॅनन आणि निकॉन दोघांनीही फुल फ्रेम मिररलेस काढले. २०२०च्या सुरुवातीला आलेले कॅननचा १डी एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी ६ हे त्या दोन घराण्यांचे सर्वांत वरच्या श्रेणीतले अखेरचे डीएसएलआर ठरले. पेंटॅक्सने एकट्याने डीएसएलआरचा हट्ट धरून ठेवला आहे, पण पेंटॅक्सच्या लेन्स आपल्याकडे शोधत फिरावं लागतं. थोडक्यात, नव्या लेन्स, नवं संशोधन, फर्मवेअरच्या (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या) सुधारणा सगळं मिररलेसकडे गेलं. डीएसएलआर बंद पडणार नाहीत, ते दुरुस्तही होत राहतील, पण त्यांच्यासाठी नवं काही येणार नाही. अशा वस्तूला कोऱ्या वस्तूचे पैसे का मोजायचे? तीच वस्तू अर्ध्या किमतीत, बऱ्या अवस्थेत, एका हौशी माणसाच्या कपाटात पडून आहे.

पायरी दुसरी: कशाचे फोटो काढणार ते लिहून काढा

कागदावर लिहा. 'सगळंच' असं लिहू नका. गेल्या वर्षभरात मोबाइलवर काढलेले फोटो चाळले तरी उत्तर मिळतं.

घरची लहान मुलं आणि माणसं हा बहुतेकांच्या यादीतला पहिला विषय. इथे मिररलेस उघडउघड पुढे आहे. आजचा साधा मिररलेससुद्धा चेहरा आणि डोळा ओळखतो आणि पोर घरभर पळत असलं तरी डोळ्यावरचा फोकस सोडत नाही. सोनी ए ६४००मध्ये फोकसचे ४२५ बिंदू जवळजवळ सगळ्या चौकटीत पसरलेले आहेत. त्याउलट निकॉन डी ३५००च्या व्ह्यूफाइंडरमध्ये ११ बिंदू आहेत, कॅनन १५००डीमध्ये ९, आणि तेही चौकटीच्या मधल्या भागात दाटीने बसलेले. अशा डीएसएलआरवर जुनी पद्धत शिकावी लागते: मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरायचा, बटण अर्धं दाबून ठेवायचं, मग चौकट हलवून फोटो घ्यायचा. बसलेल्या माणसाला हे चालतं. धावत्या नातवाला नाही.

डीएसएलआरची आणखी एक खोड असते. फोकस वेगळ्या सेन्सरने मोजला जात असल्याने कधी कधी एखादी लेन्स सतत जरा पुढे किंवा जरा मागे फोकस करते. महागड्या बॉडींमध्ये (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा) ते दुरुस्त करायची सोय असते, स्वस्तांमध्ये नसते. मिररलेस थेट फोटो काढणाऱ्या सेन्सरवरच मोजतो, त्यामुळे हा तिढा तिथे जवळजवळ संपलाच.

गड-किल्ले, सह्याद्रीतले कडे, कासचं पठार, कोकणातली देवळं? निसर्गदृश्यांना फोकसचा वेग लागत नाही. ट्रायपॉड, शांतपणा आणि चांगला उजेड लागतो. कोकणकड्यावरून सूर्यास्त टिपायला दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर पुरेसा आहे. या मंडळींनी वाचलेले पैसे लेन्समध्ये घालावेत.

व्हिडिओ करायचा असेल, यूट्यूब किंवा रील्स डोक्यात असतील, तर स्वस्त डीएसएलआरकडे बघूही नका. व्हिडिओ घेताना आरसा वरच राहतो, म्हणजे डीएसएलआरची खास फोकस यंत्रणा बंद पडते. निकॉनच्या डी ३५००सारख्या बॉडी मग फोकस शोधत पुढे-मागे चाचपडत राहतात. शिवाय डी ३५०० आणि १५००डी दोन्हींना बाहेरचा माइक लावायची खाच नाही, स्क्रीन वळत नाही, आणि व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच. अपवाद आहे तो कॅननच्या ड्युअल पिक्सेल फोकसचा. २०१३च्या ७०डीपासून हे तंत्र आलं आणि २००डी मार्क २सारख्या डीएसएलआरमध्येही ते आहे. स्क्रीनवर बघून फोटो-व्हिडिओ घेतले, तर ही बॉडी बरीचशी मिररलेससारखीच वागते. कमी पैशांत दोन्ही हवं असणाऱ्यांसाठी ती विचारात घेण्याजोगी आहे.

पक्षी आणि वन्यजीव हा विषय थोडा गुंतागुंतीचा, म्हणून जरा थांबून. भिगवणला उजनीच्या पाणलोटात हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) येतात. उडत्या थव्यामागे कॅमेरा फिरवताना डोळ्याला दिसणारं चित्र मागे पडता कामा नये. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्ही थेट प्रकाशच बघत असता, तिथे उशीर नावाची गोष्ट नाही. स्वस्त मिररलेसमध्ये सलग फोटोंचा मारा सुरू केला, की व्ह्यूफाइंडरमध्ये नुकत्याच काढलेल्या फोटोंचीच मालिका दिसायला लागते, आणि वळलेला पक्षी तोवर चौकटीबाहेर गेलेला असतो. ही अडचण सोनीच्या २०१७च्या ए ९पासून महागड्या बॉडींमध्ये सुटली, पण त्या किमतीत नवशिक्याने पडू नये. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर निकॉन झेड ५० मार्क २सारखे नवे मध्यम किमतीचे मिररलेस पक्षी स्वतः ओळखून त्याच्या डोळ्यावर फोकस धरतात. फांद्यांच्या जाळीत बसलेला पक्षी टिपायला याचा उपयोग फार होतो.

माझं मत विचाराल तर, पक्ष्यांसाठी कमी पैशांतली सगळ्यात भक्कम जोडी म्हणजे वापरलेला निकॉन डी ५०० (२०१६चा, सेकंदाला १० फोटो, फोकसचे १५३ बिंदू) आणि त्यावर २००-५०० एफ/५.६ लेन्स. ताडोब्याच्या जिप्सीत ही जोडी अजूनही हमखास दिसते. वजन आहे, पण बीनबॅगवर टेकवून ठेवायची असल्याने चालून जातं.

राहता राहिलं लग्न आणि कार्यक्रम. तिथे आवाजाचा मुद्दा येतो. मिररलेसमध्ये पूर्ण मूक शटर लावता येतं. सवाई गंधर्व महोत्सवासारख्या ठिकाणी विलंबित खयाल रंगलेला असताना पहिल्या रांगेशेजारून 'खटॅक खटॅक' होणं कुणालाच नको असतं. पण मूक शटरला एक मोठी मेख आहे, तिच्याकडे चौथ्या पायरीत येतो.

पायरी तिसरी: दुकानात जाऊन डोळा लावा

हे परीक्षणं वाचून कळत नाही. दुकानात जा, दोन्ही प्रकारचे कॅमेरे हातात घ्या आणि मोकळ्या रस्त्याकडे तोंड करून बघा.

आधी व्ह्यूफाइंडरशेजारची छोटी चकती फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत जुळवा. चष्मेवाल्यांनी हे केल्याशिवाय कुठलंच मत बनवू नये. मग डीएसएलआरमधून बघा: दृश्य जसं डोळ्याला दिसतं तसंच दिसेल, कॅमेरा बंद असला तरी. एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) चुकीचं लावलं असेल तर त्याचा पत्ता फोटो काढल्यावरच लागेल. नंतर मिररलेसमधून बघत शटरचा वेग बदला. चित्र डोळ्यांसमोर उजळत किंवा काळवंडत जाईल. शिकणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे. मॅन्युअल मोडची, म्हणजे सगळं स्वतः ठरवायची, भीती बहुतेकांना डीएसएलआरवर महिनोन्‌महिने असते, मिररलेसवर ती लवकर जाते, कारण चूक समोर दिसत असते.

काही जुनी मंडळी म्हणतात की यामुळे प्रकाशाचा अंदाज घ्यायची सवय लागत नाही. त्यात थोडं तथ्य आहे, पण पहिल्या वर्षी माणूस कंटाळून कॅमेरा कपाटात ठेवतो ते अंदाज चुकल्यामुळेच.

अंधारात काय होतं तेही दुकानातल्या टेबलाखाली लेन्स नेऊन बघा. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा पहाटेच्या अंधारात इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर चित्र उजळून दाखवतो, त्यामुळे डोळ्याला न दिसणारंही दिसतं. मात्र ते दाणेदार होतं आणि कॅमेरा हलवला की ओघळल्यासारखं वाटतं. डीएसएलआरमध्ये अंधार तो अंधारच.

एक सुरक्षेची गोष्ट: डीएसएलआरवर लांब पल्ल्याची लेन्स लावून उगवत्या-मावळत्या सूर्याकडे व्ह्यूफाइंडरमधून टक लावून बघू नका, तो प्रकाश सरळ डोळ्यात जातो. मिररलेसमध्ये डोळा वाचतो, पण सूर्य बराच वेळ चौकटीत ठेवला तर सेन्सरला इजा होऊ शकते.

आणि हो, सगळ्या मिररलेसना व्ह्यूफाइंडर असतोच असं नाही. निकॉन झेड ३० आणि सोनी झेडव्ही-ई १० हे मुख्यतः व्हिडिओवाल्यांसाठी केलेले कॅमेरे, त्यांना तो दिलेलाच नाही. घरात स्क्रीन छान दिसते. मे महिन्यात रायगडावर भर दुपारी त्या स्क्रीनवर तुमचाच चेहरा दिसेल. कॅनन आर १०० स्वस्त आहे आणि त्याला व्ह्यूफाइंडरही आहे, पण त्याची स्क्रीन ना वळते, ना बोटाने चालते. थोडे पैसे घालून आर ५०कडे गेलेलं बरं.

पायरी चौथी: बॅटरी, वजन, धूळ आणि दिव्यांच्या पट्ट्या

बॅटरीत डीएसएलआर अजून राजा आहे. आरशातून बघायला वीज लागत नाही. डी ३५००ची कंपनीने दिलेली क्षमता एका चार्जमध्ये १५५० फोटोंची आहे. ए ६४००ची, व्ह्यूफाइंडर वापरून, सुमारे ३६०. हे आकडे ठरावीक चाचणी पद्धतीचे असतात, भराभर फोटो काढणाऱ्याला दोन्हींवर जास्त मिळतात. तरी प्रमाण ध्यानात घ्या. मिररलेस घेणाऱ्याने एक जादा बॅटरी कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावी, हरिश्चंद्रगडावर मुक्काम करणाऱ्याने दोन. थंडीत बॅटरी लवकर उतरते, रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये सोबत घ्या. बऱ्याच नव्या मॉडेलची बॅटरी यूएसबीवरून, पॉवर बँक लावून भरता येते. घेण्याआधी आपल्या मॉडेलला ही सोय आहे का ते विचारा.

वजनाबद्दल मात्र बराच गैरसमज आहे. बॅटरीसह डी ३५०० भरतो ४१५ ग्रॅम, झेड ५० भरतो ४५० ग्रॅम! म्हणजे लहान डीएसएलआरच्या तुलनेत मिररलेस हलका असेलच असं नाही. फरक पडतो फुल फ्रेममध्ये: निकॉनचा डी ८५० बॅटरीसह एक किलोच्या वर जातो, झेड ७ पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. लांब पल्ल्याच्या लेन्स दोन्हीकडे जवळपास तेवढ्याच जड, कारण काचेला आरसा असल्या-नसल्याने फरक पडत नाही. हात मोठे असतील तर फार चिमुकली बॉडी घेऊ नका, करंगळी खाली लोंबकळत राहते आणि अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं.

धूळ. लेन्स काढली की डीएसएलआरमध्ये पुढे आरसा आणि मिटलेलं शटर असतं, बहुतेक मिररलेसमध्ये सेन्सर उघडाच समोर असतो. कॅननच्या काही फुल फ्रेम मिररलेसमध्ये कॅमेरा बंद केला की शटर मिटून सेन्सर झाकता येतो, स्वस्त बॉडींमध्ये ही सोय सहसा नसते. वारीतलं रिंगण, गुलालाची मिरवणूक, उन्हाळ्यातली जत्रा, अशा ठिकाणी लेन्स बदलूच नका. एकच झूम लावून जा. बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करून, तोंड जमिनीकडे करून, वाऱ्याकडे पाठ करून बदला.

आता ती मूक शटरची मेख. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये बहुतेक सेन्सर चित्र एकदम वाचत नाहीत, वरून खाली एकेक ओळ वाचत जातात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे एलईडी आणि ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला कळतं, आणि गणपतीच्या मंडपात काढलेल्या फोटोवर आडव्या काळ्या पट्ट्या उमटतात. फिरत्या पंख्याची पाती आणि ढोलावर आपटणारी टिपरी वाकडी दिसते ती याच कारणाने. उपाय: अशा दिव्यांखाली यांत्रिक शटर वापरा, शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवा, आणि मेन्यूत 'अँटी-फ्लिकर' असेल तर चालू करा. रंगमंचावरच्या काही एलईडींची लय याहून वेगळी असते, तिथे तालमीच्या वेळीच एक-दोन फोटो काढून खात्री करून घ्या.

पावसाबद्दल एवढंच, की सुरुवातीच्या किमतीतल्या कुठल्याच बॉडीवर भरवसा ठेवू नका, मग ती डीएसएलआर असो की मिररलेस. मुंबई-कोकणातल्या दमटपणाचा धोका दोघांनाही सारखाच: लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, हा सगळ्यात स्वस्त विमा. चामड्याच्या बंद बॅगेत कॅमेरा महिनोन्‌महिने ठेवून देऊ नका.

पायरी पाचवी: बॉडी नव्हे, माउंट निवडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पैसे इथेच बुडतात. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलते. लेन्स पंधरा वर्षं टिकते. त्यामुळे आज तुम्ही खरं तर लेन्सचं घराणं निवडत असता.

माउंट म्हणजे लेन्स जिथे बसते ती धातूची कडी. या कडीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक घराण्यात ठरलेलं असतं. डीएसएलआरमध्ये मधे आरसा असल्याने ते मोठं: कॅनन ईएफमध्ये ४४ मिलिमीटर, निकॉन एफमध्ये ४६.५. मिररलेसमध्ये आरसा गेला आणि अंतर आक्रसलं: कॅनन आरएफमध्ये २०, निकॉन झेडमध्ये १६, सोनी ईमध्ये १८. आता गणित सोपं आहे. डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर लावायची तर मधे अडॅप्टरची नळी बसवून अंतर भरून काढता येतं. उलटं करता येत नाही, कारण मिररलेसच्या लेन्सला आरशाच्या जागी घुसावं लागेल. म्हणून आज डीएसएलआरसाठी घेतलेली चांगली लेन्स उद्या मिररलेसवर चालू शकते; आजची मिररलेस लेन्स डीएसएलआरवर कधीच नाही.

पण 'चालते' यातही खाचाखोचा आहेत. कॅनन ईएफ लेन्समध्ये १९८७पासूनच मोटर लेन्सच्या आत आहे, त्यामुळे कॅननच्या अडॅप्टरवर त्या झकास चालतात, फोकससकट. निकॉनचं एफ माउंट १९५९पासूनचं. त्यातल्या जुन्या एएफ-डी लेन्सना बॉडीतल्या मोटरची गरज लागते, आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती नाही. तिथे फोकस हाताने फिरवायचा. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स ठीक चालतात. हीच अडचण डी ३०००, डी ५००० मालिकेतल्या डीएसएलआरवरही येते, कारण त्या बॉडींतही मोटर नाही. काकांच्या फिल्म कॅमेऱ्याबरोबर ५० मिमी एएफ-डी लेन्स मिळाली म्हणून डी ३५०० घेतला, तर घरी येऊन हिरमोड व्हायचा.

सेकंड हँड बाजारातला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे कॅननचा एम ५०. दिसायला गोंडस, फोटो छान, किंमत मोहात पाडणारी. पण त्याचं ईएफ-एम माउंट कॅननने बंद केलं आहे आणि त्या लेन्स कॅननच्याच नव्या आर मालिकेवर बसतही नाहीत. ईएफ-एमचं अंतर १८ मिलिमीटर, आरएफचं २०. मधे अडॅप्टर घालायला जागाच उरत नाही. फक्त व्हिडिओसाठी, एकाच लेन्सवर, दोन-तीन वर्षं वापरून टाकून देणार असाल तर घ्या. त्यापुढची स्वप्नं असतील तर दूर राहा. सोनीचं जुनं ए माउंटही बंद झालं आहे.

नव्या मिररलेसमध्ये कोणतं घराणं? स्वस्त आणि विविध लेन्सच्या बाबतीत सोनी ई सगळ्यात श्रीमंत आहे, सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्स तिथे भरपूर. कॅननने आरएफ माउंट इतरांसाठी बराच काळ जवळजवळ बंद ठेवलं होतं. २०२४पासून सिग्मा आणि टॅमरॉनला क्रॉप (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरच्या लेन्ससाठी दार उघडलं, त्यामुळे आर ५० किंवा आर १० घेणाऱ्याची आता तेवढी कोंडी होत नाही. निकॉन झेड या दोहोंच्या मधे. फुजीफिल्मचे रंग आणि चकत्या अनेकांना आवडतात, पण जुनी लेन्स स्वस्तात मिळवणं तिथे अवघड जातं.

घरात आधीच कुणाच्या कॅनन किंवा निकॉनच्या लेन्स असतील, तर निम्मा निर्णय झालाच.

पैशांची वाटणी करताना बॉडीवर सगळं उधळू नका. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स शिकायला पुरते, पण संध्याकाळी घरात तिला दम लागतो. पुढची लेन्स म्हणून ५० मिमी एफ/१.८ घ्या, ती सगळ्यांची लाडकी आहे. मात्र क्रॉप सेन्सरवर तिचं दृश्य ७५-८० मिमीसारखं होतं, म्हणजे लहान खोलीत भिंतीला पाठ टेकली तरी सगळं कुटुंब मावत नाही. घरातल्या फोटोंसाठी ३५ मिमी जास्त सोयीची; निकॉन डीएसएलआरवाल्यांसाठी ३५ मिमी एफ/१.८ जी डीएक्स वापरलेली सहज मिळते. आणि 'हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण बॉडीतच असतं ना?' असं गृहीत धरू नका. आर ५०, झेड ५०, ए ६४०० यांपैकी एकातही ते नाही.

पायरी सहावी: वापरलेला घेताना

मिररलेसकडे वळलेल्या व्यावसायिकांनी आपले डीएसएलआर आणि लेन्स विकायला काढले, म्हणून हा बाजार सध्या घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात फिरलात, तर एकाच गल्लीत भाव आणि अवस्था दोन्हींचा अंदाज येतो. ऑनलाइन घेणार असाल तर आगाऊ पैसे पाठवू नका; प्रत्यक्ष भेटून, उजेडात, निवांत बघा. स्वतःचं मेमरी कार्ड सोबत न्या.

शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, विचारा. निकॉनमध्ये तो फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. नुकताच काढलेला फोटो घरी आणून तपासता येतो. कॅननमध्ये त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागतं. डी ३५००चं शटर एक लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे. तीस-चाळीस हजारांतला काउंट असेल तर निर्धास्त राहा. लग्नाच्या फोटोग्राफरकडून आलेल्या मिररलेसमध्ये शटर काउंट कमी दिसला तरी हुरळून जाऊ नका, तासन्‌तास चाललेला व्हिडिओ आणि मूक शटरचे फोटो त्यात सहसा धरलेले नसतात. बटणांची झीज, रबर सैल झालंय का, फ्लॅश बसवायच्या खाचेवरचे ओरखडे, हे जास्त खरं सांगतात.

लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. थोडी धूळ चालते, बुरशी नाही. मग एफ/१६ लावून (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून) कोऱ्या भिंतीचा किंवा आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ करून मिळते, तेवढे पैसे कमी करून घ्या. ठिपक्यांऐवजी रेघ दिसली तर निघून या, तो ओरखडा असतो. डीएसएलआर असेल तर लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून छापील कागदावरच्या एका ओळीवर तिरक्या कोनातून फोकस करा आणि मोठं करून बघा: ज्या ओळीवर फोकस केला तीच ओळ धारदार हवी. मिररलेस असेल तर व्ह्यूफाइंडर आणि स्क्रीन आपोआप बदलतात का, व्ह्यूफाइंडरमध्ये मेलेले ठिपके आहेत का, आणि पाच मिनिटं व्हिडिओ चालू ठेवल्यावर तापून बंद पडतो का, ते बघा.

नवा घेताना पंधरा-वीस टक्के स्वस्त मिळत असेल तर तो बहुधा भारतातल्या वॉरंटीशिवायचा, बाहेरून आणलेला माल असतो. दुकानदाराची वॉरंटी आणि कंपनीची वॉरंटी यांत फरक आहे. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर बॉडी आणि लेन्स दोन्हींचे सीरियल नंबर लिहून घ्या, आणि ते खोक्यावरच्या आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबरशी काउंटरवरच जुळवून बघा.